तुझं वर्ष मी पाळणार नाही

हिराबाय,

कावळा लगेच शिवला हे मला मुळीच पटलेलं नाही.

खाडीकाठी पिंड ठेवला आणि भटजी "सगळ्यांनी मागं सरा" म्हणेपर्यंत तो उतरलासुद्धा. भातावर चोच मारली, मान वाकडी करून आमच्याकडे पाहिलं आणि आणखी दोघांना हाका मारल्या. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. तुझ्या निलेशचा जीव भांड्यात पडला. "आईची काय पन इच्छा नव्हती रायली, समाधानानं गेली," असं तो भेटेल त्याला सांगत सुटला. मी तिथेच उभी होते. मला हसू येत होतं आणि रागही येत होता. तो कावळा भुकेला होता, एवढंच. गव्हाणच्या खाडीवरचे कावळे कोणाच्या इच्छेची वाट बघत उपाशी बसणारे नव्हेत. तुझी इच्छा राहिली होती. ती काय होती ते तुला माहीत आणि मला माहीत, आणि आपल्या दोघींमध्ये कावळ्याने पडायचं काही कारण नाही.

नाक्यावर तुझा मोठा बॅनर लागलाय. त्यावर 'शांत, सोज्वळ, मायाळू' असं छापलंय. मायाळू ठीक आहे. माया तू करायचीस, धपाटे घालून करायचीस. पण शांत? तुझा आवाज गावाच्या या टोकाला चढला की त्या टोकाच्या कोंबड्या खुराड्यात शिरायच्या. सोज्वळपणाचं तर नावच नको. वाट्यातला एक बोंबील कमी वाटला की तू बाजारात जे बोलायचीस ते कुठल्याही बॅनरवर छापता येणार नाही. फोटो मात्र छान आहे. तो बँकॉकचा आहे हे निलेशने कोणाला सांगितलेलं नाही. मागची नदी आणि देवळाचा सोनेरी कळस कापून तिथे त्याने पांढरे ढग टाकून घेतलेत. नीट बघितलं तर तुझ्या खांद्याला लागून माझं कोपर अजून दिसतं. मी ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते.

मी तुझी धाकटी जाऊ. पनवेलच्या शाळेत मराठी शिकवणारी, चष्मेवाली, दुसऱ्याचं बोलणं मनातल्या मनात दुरुस्त करणारी. लग्न होऊन पाणखारला आले तेव्हा तुला अहो-जाहो करत होते. तू चुलीपुढून मानही न वळवता म्हणालीस, "तुमी कोनाला म्हनतेस? मी काय सरपंच हाय? तू म्हन, नायतर बोलू नको." तेव्हापासून मी तुला तूच म्हणत आले, आता बदलणार नाही.

पाणखार आता नाही, असं लोक म्हणतात. एका अंगाला भातशेती, दुसऱ्या अंगाला मिठाची आगरं, मधे आपली घरं आणि बांधाच्या टोकाला पिंपळाखाली गावदेव, म्हणजे शेंदूर फासलेला दगड. नवा विमानतळ आला आणि गाव उठलं. तुम्ही गव्हाणला घर बांधलंत, आम्ही पनवेलला फ्लॅट घेतला. गावदेवाचा दगड वाजतगाजत नव्या वसाहतीतल्या देवळात नेऊन बसवला. त्या देवळाला फरशी आहे, पंखे आहेत, बाहेर चपलांसाठी कप्पे आहेत. सगळं गाव खूश झालं. तू तेवढी नाही.

"देव नेला," तू म्हणालीस. "जागा कशी नेनार?"

त्या एका वाक्यावर आपण दोघी वर्षानुवर्षं भांडलो. मी म्हणायची, देव मानण्यात असतो, जागेत नसतो. तू म्हणायचीस, "सगलीकडं असतो तो देव येगला. त्याला काय, तो मोटा हाय, कुटं पन रातो. आमचा हा बांधाचा देव. बांध नाय तर तो कोनाचा?" मी विचारायची, मग नव्या देवळात बसलाय तो कोण? तू म्हणायचीस, पावना. आणि तू तिथे वागायचीसही तशीच. सणावाराला जायचीस, नमस्कार करायचीस आणि लगेच उठायचीस. पुजाऱ्याने थांबायचा आग्रह केला की म्हणायचीस, "पावन्याला जास्त तरास द्यायचा नाय."

मग हे गेले. त्यावर मी लिहिणार नाही, तुला सगळं ठाऊक आहे. मी फ्लॅटचं दार लावून बसले. वर्ष पाळायचं होतं. वर्षभर सण नाही, गोडधोड नाही, लग्नाकार्याला जाणं नाही, लांबचा प्रवास नाही. मला ते सोयीचंच वाटलं, कारण मला कुठे जायचंच नव्हतं. दुपारी पडदे ओढून मी नुसती बसायची. पोळ्यांसाठी भिजवलेली कणीक तशीच वाळून जायची. येणारे यायचे आणि किती व्यवस्थित वर्ष पाळतेय म्हणून माझं कौतुक करून जायचे. कोणाला दिसलं नाही की मी पाळत काहीच नव्हते, मी बुडत होते. तुला दिसलं. तू आलीस, पडदे खस्सकन ओढलेस, वाळलेली कणीक कचऱ्यात टाकलीस आणि म्हणालीस, "दोन तिकिटा काढलीव. बँकॉकला जायचा हाय."

मला वाटलं तुझं डोकं फिरलं. बँकॉकच का, तर निलेश आणि त्याचे मित्र दरवर्षी तिथे जातात आणि परत आल्यावर फोटो दाखवत नाहीत म्हणून. "काय हाय तिथं ता आपुन बगून येव," तू म्हणालीस. पनवेलचाच एक टूरवाला होता, एरवी अष्टविनायक करणारा. मी म्हटलं, हे जाऊन वर्ष झालेलं नाही, लोक काय म्हणतील. तू माझ्या कपाटातून साड्या काढत होतीस. "लोक काय म्हनतील ता मी आयकीन. माझा कान मोटा हाय. तू फक्त चल."

आणि तू ऐकलंस. सासरची, माहेरची, वाडीची, सगळ्यांची बोलणी तू एकटीने खाल्लीस आणि माझ्यापर्यंत एक शब्द येऊ दिला नाहीस. हे मला फार उशिरा, तुझ्या दिवसांत, बायकांच्या बोलण्यातून कळलं. तुझ्या तोंडावर तुझे आभार मी कधीच मानले नाहीत. मानले असते तर तू म्हणाली असतीस, शाळेत भाषण कर जा. म्हणून आता मानते, आता तुला अडवता येत नाही.

विमानात तू खिडकीशी बसलीस, मी मधे आणि माझ्या शेजारी खारघरचे एक गृहस्थ. तुझ्या पिशवीत सुकट होती आणि ती सुकट आहे हे आजूबाजूच्या चार रांगांना न सांगताच कळलं होतं. टूरवाल्याने "काकू, तिकडे सगळं मिळतं" असं म्हणून पाहिलं. तू त्याला म्हणालीस, "मिलतो ता त्यांचा. ही माझी." रात्रभर तू झोपली नाहीस. अंधारात बघण्यासारखं काही नव्हतं तरी नाक काचेला लावून बसलीस.

उजाडल्यावर विमान उतरायला लागलं. ढग सरले आणि खाली पाणी दिसलं. चौकोनी चौकोनी पाणी, एकाला लागून एक, मधून बांध, बांधावरून जाणारी माणसाच्या पायाची वाट. तू माझा दंड एवढ्या जोराने धरलास की वळ उठला. "शैले, आगर. आपली आगरा." आणि मग आवाज एकदम खाली आणून, "परत आनला का गं आपल्याला?"

तो आवाज मी विसरणार नाही. त्यात भीती नव्हती. इतकी वर्षं बुजवलेलं सगळं कोणीतरी रातोरात परत जागेवर मांडून ठेवलंय, असं तुला क्षणभर खरंच वाटलं. शेजारच्या गृहस्थांनी सांगितलं, "काकू, ती कोळंबीची तळी आहेत. बँकॉक आलं." तू त्यांच्याकडे बघितलंही नाहीस. खाली बघत राहिलीस. तळी संपली, मग पत्र्याची घरं, मग एक कालवा आणि एकदम काळी लांबलचक धावपट्टी. विमानाची चाकं टेकली तेव्हा सगळे आपापल्या बॅगांकडे वळले. तू म्हणालीस, "म्हंजे यांची पन घेतली."

पुढे तू जे केलंस त्याने टूरवाल्याला घाम फुटला. विमानातून बाहेर पडून आपण त्या भल्यामोठ्या लांब दालनात पाय टाकला आणि तू थांबलीस. पदराची गाठ सोडलीस. गाठीत तांदूळ होते. पाणखारला ही रीतच होती, नवी सून असो की पाहुणा, दुसऱ्याच्या गावात शिरताना आधी तिथल्या गावदेवाला तांदूळ ठेवायचे, आम्ही आलोय म्हणून सांगायचं आणि मग पुढचं पाऊल. मी घरात पहिल्यांदा आले तेव्हा तूच माझ्याकडून ठेवून घेतले होतेस. पण इथे, गुळगुळीत फरशीवर, मागून चाकाच्या बॅगा ओढत येणाऱ्या शेकडो माणसांच्या वाटेत, तू वाकून चिमूटभर तांदूळ ठेवलेस आणि हात जोडलेस.

"काकू, प्लीज," टूरवाला रडकुंडीला आला, "हे फॉरेन आहे. पकडतील."

"पकडू दे. कोनाच्या गावात चोरासारका शिरायचा नाय."

तेवढ्यात पुसणं हातात घेतलेली एक बाई आली, तिथली साफसफाईवाली. तिने तांदूळ बघितले, तुझे जोडलेले हात बघितले आणि पुसणं भिंतीला टेकवून ती उभी राहिली. तुझं आटोपेपर्यंत थांबली. मग कडेच्या मोठ्या कुंडीकडे बोट दाखवलं. तू तांदूळ टिपून घेतलेस, कुंडीतल्या मातीत ठेवलेस, आणि तिने हात जोडून मान लववली. तुम्ही दोघी एकमेकींशी एक शब्द बोलला नाहीत. मी मात्र शेजारी उभी राहून इंग्रजीची जुळवाजुळव करत होते, आणि तिची काही गरज पडली नाही.

बँकॉक मी तुझ्यामुळे दोनदा पाहिलं असं वाटतं, एकदा टूरवाल्याच्या मागून आणि एकदा तुझ्या मागून. टूरवाला रोज संध्याकाळी आपल्याला पंजाबी हॉटेलात पनीर खायला घेऊन जायचा. दुसऱ्याच दिवशी तू उठलीस. "पनीर खायला एवढ्या लांब आलेव?" म्हणालीस आणि रस्ता ओलांडून गाडीवर जाऊन बसलीस. तिथल्या बाईने मिठात घोळवलेला अख्खा मासा निखाऱ्यावर भाजून दिला. तू एक घास घेतलास, पिशवीतली सुकट काढलीस आणि तिला चाखायला दिलीस. तिने वास घेतला आणि आपल्या डब्यातली स्वतःची सुकट काढून दाखवली. मग तुम्ही दोघींनी एकमेकींच्या सुकटीला नावं ठेवलीत, आपापल्या भाषेत, पोट धरून हसत. हे गेल्यानंतर मी पहिल्यांदा पोटभर जेवले ते त्या प्लास्टिकच्या स्टुलावर. तुला ते कळलं होतं. माशाचा डोक्याकडचा भाग तू माझ्याकडे सरकवलास.

आणि मग ते हॉटेलच्या दारातलं छोटं घर. तुला आठवतं तसंच मला आठवतं की नाही कोण जाणे, पण मी सांगते. खांबावर उभं केलेलं, लाकडी, आपल्या तुळशीवृंदावनाएवढं, उतरत्या छपराचं. पुढे फुलांच्या माळा, उदबत्त्या आणि लाल सरबताची बाटली, तिला स्ट्रॉ लावलेला. स्ट्रॉ बघून तू खूश झालीस. "देवाची कालजी बग कशी घेतली." हॉटेलातल्या मुलीला मी विचारलं, हे देऊळ कोणाचं. ती म्हणाली, देऊळ नाही, या जमिनीचा जो राखणदार आहे त्याचं घर. जमिनीवर आपण बांधकाम करतो, म्हणजे त्याला त्याच्या जागेवरून उठवतो. म्हणून त्याच जागेत त्याला घर द्यायचं. घर असो, दुकान असो, मोठं हॉटेल असो.

मी तुला मराठीत सांगितलं. तू पायरीवर बसलीस आणि रडलीस. मी तुला गाव उठलं तेव्हा रडताना पाहिलं नव्हतं, सामान टेम्पोत भरताना पाहिलं नव्हतं, पिंपळ पाडला तेव्हाही नाही. तिथे त्या हॉटेलच्या पायरीवर तू रडलीस, आणि ते रडणं रागाचं होतं. हाताने माप दाखवत होतीस. "एवढासा घर, शैले. एवढासा. एवढा मोटा इमानतल बांदला, त्यात एवढासा द्यायला काय झाला असता?"

मी शिक्षिकेसारखी बोलले. म्हटलं, अगं, देऊळ दिलंय की, याच्या शंभरपट मोठं. तू म्हणालीस, ते वसाहतीला दिलं, जागेला काय दिलं? मी म्हटलं, शेवटी दगडच ना तो. तू डोळे पुसलेस. "दगडच हाय. तुझा नवरा पन शेवटी राखच झाला ना? मग त्याचा फोटो कशाला उशाशी ठेवतेस?" इतकं टोचून बोललीस. पण तू म्हणालीस ते खोटं नव्हतं.

त्याच संध्याकाळी नदीकाठी, तो बॅनरवरचा फोटो काढून झाल्यावर, तू मला तुझा बेत सांगितलास. आपला विमानतळ चालू झाला की पुन्हा बँकॉकला यायचं, पण तिथून. आधी आत जायचं. गावदेव जिथे बसायचा ती जागा हुडकायची, तिथे तांदूळ ठेवायचे, आम्ही जातोय, मागे लक्ष ठेव म्हणून सांगायचं आणि मग विमानात बसायचं.

"आत सोडतील का?" मी विचारलं.

"तिकीट काडून जाव. तिकीटवाल्याला कोन अडवतो?"

आपल्याच देवाच्या पाया पडायला परदेशाचं तिकीट काढणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. मला तो वेडेपणा वाटला आणि तो वेडेपणा मला आवडला. मी हो म्हटलं. त्या होचं तू पुढे काय केलंस ते सगळ्या गव्हाणला ठाऊक आहे. "मी आनि शैला आमच्या बांदावरनं उडनार," असं तू भाजीवाल्यापासून ग्रामसेवकापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलंस. तांदळांचं तेवढं आपल्या दोघींत ठेवलंस.

परतीच्या दिवशी तिथल्या विमानतळात आपल्याला समुद्रमंथन दिसलं. एवढं थोरलं, रंगीत, देव एका बाजूला, दानव एका बाजूला, मधे वासुकी आणि वर विष्णू. सगळे फोटो काढत होते. तू दानवांच्या बाजूला जाऊन उभी राहिलीस. मी म्हटलं, अगं इकडे ये, देवांच्या बाजूला. "नको," म्हणालीस. "ज्यांनी दोरी ओढली आनि ज्यांना वाटा नाय मिलला, मी त्यांच्यात." तो फोटो माझ्याकडे आहे. निलेशला तो बॅनरसाठी देणार होते, पण त्याला झेपला नसता.

मग इथला विमानतळ झाला. गव्हाणच्या घरावरून विमानं जायला लागली आणि बोलणं मधेच तोडून वाट बघायची सवय सगळ्यांना लागली. तू नाही थांबायचीस. तू आवाज वाढवायचीस. मी फोन केला की म्हणायचीस, आता जाव, आता जाव. आणि मी, थंडी जाऊ दे, उन्हाळा जाऊ दे, म्हणत राहिले. मग तुझी छाती भरून आली आणि दवाखान्यातून तू घरी आलीस ती चादरीत गुंडाळून. दवाखान्याबद्दल लिहीत नाही. तुला त्या वासाचा तिटकारा होता.

तेरावं झालं त्या दुपारी, पंगत उठल्यावर, मी निलेशला सांगितलं की गावदेवाच्या जागेवर तुझे तांदूळ ठेवून मी बँकॉकला जाणार आहे. थेट विमान नसेल तर मधे बदलून जाईन, पण पाय उचलणार तो आपल्या विमानतळावरूनच. तो बिचारा दिवसभर राबून दमला होता. जासईच्या कंटेनर यार्डात त्याच्या गाड्या लागतात, त्या बंद ठेवून तो सगळं बघत होता. पहिल्यांदा त्याला कळलंच नाही. मग त्याने हातातलं ताट खाली ठेवलं.

"काकी, आईचा बॅनर अजून नाक्यावर हाय. आनि तुमी बँकॉकला? लोक आमच्या तोंडात शेन घालतील."

"तुझ्या आईने माझ्यासाठी खाल्लंय ते," मी म्हटलं. "तुला जमत नसेल तर मी खाईन."

"वर्ष तरी होऊ द्या. मंग मी सोता तिकीट काडून देतो. जिवंत मानसासारका हट्ट करताय. ती गेली ना आता."

त्याचं चुकीचं नव्हतं. तो तुझा मुलगा आहे, त्याला तुझं सगळं नीट, रीतीने व्हायला हवंय. पण मला एकदम त्या वाळलेल्या कणकेची आठवण झाली. वर्ष म्हणजे काय ते मी आतून बघितलंय. दार लावून बसायला परवानगी मिळते, आणि लोक त्याला मान देतात. तू मला तिथून हाताला धरून ओढून बाहेर काढलंस. आता तुझ्याच नावाने मी परत आत जाऊन बसू? मी सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं. माझं वर्ष हिराने मोडलं, तिचं मी मोडणार. दुःख मी पाळीन, रोज पाळतेय, वर्ष पाळणार नाही. बायका बघत राहिल्या. माझा आवाज तुझ्याएवढा चढला होता, असं मागाहून कोणीतरी म्हणालं. मला ते बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं.

निलेशने शेवटचा उपाय म्हणून ओसरीकडे बघितलं. तिथे भावजी बसले होते, तुझा नवरा, तू गेल्यापासून चार शब्दही न बोललेला. जन्मभर तू बोललीस आणि ते ऐकत राहिले, त्यामुळे आता ऐकायला काही नाही तर काय करावं ते त्यांना कळत नसावं. निलेश म्हणाला, "अण्णा, तुमी सांगा काकीला."

भावजींनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "जागा तुला ठाव हाय?" त्यांनी मला विचारलं.

मला ठाऊक नव्हती. डोंगर फोडला, खाडी बुजवली, सगळं सपाट केलं, त्यात एका पिंपळाची जागा मी कुठून शोधणार होते? तू होतीस म्हणून मी त्याचा कधी विचारच केला नव्हता. तांदूळ घेऊन मी तिथे जाऊन कुठेतरी ठेवून आले असते, आणि तू म्हणाली असतीस, मेली दुसऱ्याच्याच दारात ठेवून आली.

"मना ठाव हाय," भावजी म्हणाले. "खाडीचा तोंड दिसला की सांगतो. माझा पन तिकीट काड."

"अण्णा," निलेश म्हणाला, "तुमचा वर्ष हाय."

"तिचा जन्मभर आयकला. आता काय नाय आयकायचा?"

"आनि जागा इमानाच्या रस्त्यावर आली तर? तिथं कोन जाऊ देतो?"

भावजींनी थोडा विचार केला. "मंग इमान तिथनंच जाईल ना," म्हणाले. "खिडकी मना द्या."

निलेश ताटं उचलून आत गेला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचाच फोन आला की अण्णांना पासपोर्ट नाही, तो काढावा लागेल, मी गाडी पाठवतो. फोन ठेवताना म्हणाला, "काकी, आईच्या डब्यातलं तांदूल घ्या, दुकानातलं नको." तुझा मुलगा आहे, शेवटी तुझ्यावरच गेलाय.

आणि आपला वाद. तो मी मिटवणार नाही, हिराबाय. तू गेलीस म्हणून मी तुझी बाजू मान्य केली असं होणार नाही, मेलेल्या माणसाला जिंकवणं फार सोपं असतं आणि तुला सोपं काही आवडायचं नाही. देव हलतो असं मी अजून म्हणते. तू तिथून जे म्हणायचं ते म्हण. पण तांदूळ मी ठेवणार आहे. तुझ्यासाठी ठेवीन, गावदेवासाठी नाही, आणि त्याला ते आवडलं नाही तर त्याने तुझ्याशी बोलावं.

काल मी भावजींना घेऊन पनवेलच्या इंटरनेटच्या दुकानात पासपोर्टचा अर्ज भरायला गेले. संगणकावर बसलेली बाई भराभर विचारत होती. नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं. मग तिने विचारलं, काका, जन्म कुठला?

"पाणखार."

तिने बटणं दाबली, पडद्याकडे बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, ते गाव तर आता नाही ना? गव्हाण टाकू का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण भावजी खुर्चीतून उठून उभे राहिले. ज्या माणसाचा आवाज तुझ्या घरात कधी कोणी ऐकला नाही, तो त्या दुकानात रस्त्यापर्यंत गेला.

"गाव हाय. त्याच्यावर इमान उबा हाय, एवढाच."

बाईने पाणखार टाकलं. स्पेलिंग मी तपासलं. बरोबर आहे.

तुझी,
शैला